शनिवार-रविवार काय खेळताय? (आणि ३५ अंशांच्या पुढे कन्सोलचं काय करता?)

अर्धा_घड

रामराम मंडळी.

कपाशी फुटून पडलीय, वेचायला माणूस मिळत नाही, हरभऱ्याचं अर्धं रान पेरायचं राहिलंय आणि मी गेमचा धागा काढतोय. घरी कोणी दाखवू नका.

निमित्त पुतण्याचं. सातवीत आहे. परवा शाळेतून आला तो दप्तर फेकूनच. म्हटलं पेपर अवघड गेला की काय. तर नाही, जीटीए सहा पुन्हा पुढे गेला. आधी २०२५ म्हणत होते, मग २६ मे २०२६ झालं, आता १९ नोव्हेंबर २०२६. मी बसून हिशेब केला. जीटीए पाच आला १७ सप्टेंबर २०१३ ला, तेव्हा हे पोरगं पाळण्यात होतं. तेवढ्यात त्याचे दुधाचे दात पडले, नवे आले, आणि आता तो मला "काका, तुम्हाला त्यातलं कळत नाही" म्हणतो. आमच्या दहा बागा निघाल्या तेवढ्या काळात. आणि हो, तो गेम अठरा वर्षांवरच्या माणसांसाठी आहे हे मला ठाऊक आहे. त्यावरून मला झोडपायचं असेल तर रांगेत या, वहिनी सगळ्यात पुढे उभी आहे.

खरा प्रश्न वेगळा आहे. माझ्याकडे एक जुनं कन्सोल आहे, २०१८ साली पुण्याहून सेकंडहँड आणलेलं. हल्ली चालू केलं की पाच मिनिटांत शेजारच्या खळ्यात थ्रेशर लागल्यासारखा आवाज येतो. आई आतून विचारते, "सोयाबीन कोणाचं काढताहेत रे?" केळीचे थोडे पैसे आलेत. घरात सगळ्यांचं मत आहे की ठिबकच्या नळ्या बदलाव्यात. पुतण्याचं मत आहे की पीएस फाइव्ह घ्यावा. माझं मत मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

मित्राकडे पीएस फाइव्ह आहे, त्याचं माहितीपुस्तक चाळलं. त्यात लिहिलंय, वापरायचं तापमान ५ ते ३५ अंश. मी दोनदा वाचलं. ३५! आमच्याकडे मार्चच्या शेवटी सकाळी दहाला ३५ असतं. मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो आणि रात्री अकराला स्लॅबवर पाणी मारलं तर वाफ येते. म्हणजे पुस्तकाच्या हिशेबाने खान्देशात हे यंत्र नोव्हेंबर ते फेब्रुवारीच चालवायचं. रब्बीचं पीक झालं की हे!

तर सांगा: उन्हाळ्यात तुम्ही काय करता? जुनं दुरुस्त करू की नवं घेऊ? आणि या शनिवार-रविवारी काय खेळताय? दोन तास मिळाले तर?

रात्रपाळी

भुसावळहून हजर.

आमचा शनिवार-रविवार कधी मंगळवारी येतो, कधी येतच नाही. रेल्वेत ड्यूटीचा तक्ता लागतो त्यावर आमचं पंचांग. त्यामुळे टीव्हीला जोडायचं कन्सोल माझ्या कामाचं नाही. सकाळी आठला घरी आलो की टीव्हीवर आईची मालिका असते आणि त्या रिमोटला हात लावायची माझी छाती नाही. मी निन्टेन्डोचं हातात धरायचं जुनं गेमचं यंत्र, स्विच, वापरतो. मेहुणा दुबईला असतो, त्याच्याकडून आणवलं. निन्टेन्डो आपल्याकडे अधिकृत विकतच नाही, त्यामुळे आपल्याला जे मिळतं ते असंच कोणाच्या तरी बॅगेतून.

त्याचा पुढचा अवतार, स्विच दोन, ५ जून २०२५ ला आला. सप्टेंबरअखेर एक कोटी तीन लाखांच्या वर खपला. त्यातले खान्देशात किती आले असतील? मला एक माहीत आहे. तोही मालकाने कपाटात कुलूप लावून ठेवलाय, कारण बिघडला तर दाखवायचा कुठे?

माझं सध्याचं खेळणं सिल्कसाँग. २०१९ ला जाहीर केला, सगळे वाट बघून थकले, आणि ४ सप्टेंबर २०२५ ला आला तर एकदम सगळी ऑनलाइन दुकानं बसली. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडची मोजकी टाळकी, त्यांनी सात वर्षं कोणाचं ऐकलं नाही. किंमत ठेवली वीस डॉलर. दुसरीकडे मोठ्या कंपन्या ऐंशी डॉलर लावायला निघाल्यात. जाळं विणणाऱ्या कोळ्यासारखी एक किडी आहे, सुई-दोरा घेऊन लढते. एकाच राक्षसाकडून मी चार दिवस मार खातोय. ड्यूटीवर साहेब ओरडले तरी आता काही वाटत नाही.

उन्हाळ्याचं म्हणशील तर मी पहाटे चारला खेळतो. त्या वेळी भुसावळ माणसांत असतं.

पाचकंदील

धुळ्याहून. वय विचारू नका, केस सांगतात.

तुमचं ते ३५ अंश वाचून हसू आलं. आम्ही ज्या यंत्रावर खेळलो त्याला माहितीपुस्तकच नव्हतं. जपानचा फॅमिकॉम १९८३ चा, आपल्याकडे नव्वदच्या दशकात त्याची नक्कल आली. दर दुकानात वेगळ्या नावाने, डबा तोच. कॅसेटवर लिहिलेलं असायचं "९९९९ गेम". आत मोजून सहा. मारिओ लाल टोपीत, मारिओ हिरव्या टोपीत, मारिओ चौथ्या पातळीपासून, असे करत करत ९९९९ भरायचे. आमच्या पिढीला फसवणूक कशी ओळखायची हे त्या कॅसेटने शिकवलं.

कॅसेट चालली नाही की काढायची, फुंकायची, परत घालायची. आता वाचलं की फुंकण्याचा काही उपयोग नव्हता, काढून घालण्याचाच होता. उलट थुंकीचा ओलावा पत्र्याला लागून ते गंजायचे. म्हणजे जे आम्ही औषध समजत होतो तोच रोग होता. आजी बाजेवरून ओरडायची, "आते बंद कर रे भो ते डबडं, डोया फुटी जातीन तुना." डोळे फुटले नाहीत. चष्मा लागला, पण तो आजीलाही होता.

काँट्रा आठवतो? वर वर खाली खाली डावा उजवा डावा उजवा बी ए, अशी बटणं दाबली की तीस जीव. आमच्या गल्लीत हे कोणी शोधलं यावरून मारामारी झाली होती. पुढे कळलं की कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो नावाच्या माणसाने ग्रेडियस नावाचा गेम १९८६ साली घरगुती यंत्रावर आणताना हे घातलं. त्याला स्वतःलाच तो गेम तपासताना पार करता येईना. म्हणून चोरवाट ठेवली आणि काढायची राहिली. तो २०२० मध्ये गेला. आमच्या गल्लीतून त्याला एक नमस्कार.

या रविवारी काय खेळणार? सुनेचा मोबाइल मिळाला तर कँडी क्रश. हसा.

एक शंका मात्र आहे. बदकं मारायचा गेम होता, प्लास्टिकची बंदूक यायची. ती अजून माझ्याकडे आहे. नातवासाठी जुना डबा काढून नव्या एलईडी टीव्हीला जोडला, गेम सुरू झाला, पण एक बदक पडेल तर शपथ. बंदूक मेली का?

स्टॅबिलायझर

जळगाव. हाच धंदा आहे, म्हणून जरा लांब लिहितो. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी खाली सरका.

आधी बंदूक. नाना, बंदूक मेलेली नाही, टीव्ही बदललाय. त्या बंदुकीतून काही निघत नाही, उलट तिच्या नळीत डोळा आहे. घोडा दाबला की पडदा एक क्षण पूर्ण काळा होतो, आणि लगेच पुढच्या क्षणी बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदुकीला आधी काळं आणि मग पांढरं दिसलं की बदक पडलं. दोन बदकं असतील तर दोन चौकोन एकामागून एक, म्हणजे कोणतं लागलं ते कळतं. काळ्याची भानगड कशाला? नाहीतर आमच्यासारखे हुशार बंदूक बल्बकडे धरतील म्हणून. यातला एकेक क्षण म्हणजे सेकंदाचा साठावा भाग. जुना डबा टीव्ही चित्र आलं की त्याच क्षणी दाखवायचा. एलईडी आधी चित्र घेतो, सजवतो, मग दाखवतो. तोवर बंदुकीने डोळा मिटलेला असतो. डबा टीव्ही मिळवा, बदकं पडतील.

आता अर्धा_घडचं. ३५ अंश हे खोलीतल्या हवेचं तापमान आहे, यंत्राच्या पोटातलं नाही. पोटात ऐंशीच्या आसपास सहज जातं. पंखा बाहेरची हवा आत ओढून तेवढं खाली आणतो. बाहेरची हवाच ४३ ची असेल तर तो बिचारा काय आणणार? आधी जोरात फिरतो, मग यंत्र आपला वेग कमी करतं, तरी भागलं नाही तर बंद पडतं. बंद पडणं म्हणजे बिघाड नव्हे, शहाणपण आहे.

कूलर. हा प्रश्न दर एप्रिलला दुकानात दहा जण विचारतात. आपली हवा कोरडी आहे, त्यामुळे कूलर खोली दहा-बारा अंश सहज पाडतो, म्हणजे यंत्राचं काम होतं. पण यंत्र कूलरच्या तोंडासमोर ठेवू नका. बोअरच्या पाण्यात क्षार असतात, तुषार उडाले की आत पांढरी खपली बसते. कूलर खिडकीत, कन्सोल आडव्या भिंतीला, आणि समोरची खिडकी उघडी. बंद खोलीत कूलर लावला की दमटपणा साठतो. काचेच्या कपाटात कन्सोल ठेवणाऱ्यांना मात्र माझा कोपरापासून नमस्कार. त्याला शोभेची बरणी समजू नका.

वीज. इथे लोक चुकतात. आजकालच्या यंत्रांचा वीजपुरवठा १०० ते २४० व्होल्टपर्यंत काहीही पचवतो, त्यामुळे दिवा मंद झाला म्हणून घाबरायचं कारण नाही. मारतो तो न्यूट्रल. पावसाळ्यात डीपीवर न्यूट्रल सुटला की घरात २३० च्या जागी चारशेच्या आसपास येऊ शकतात. पंखा गरगरतो, बल्ब चकाकतो, आणि पाठोपाठ टीव्ही, सेट टॉप बॉक्स, चार्जर सगळं एका रांगेत जातं. त्यासाठी जास्त व्होल्टेजला तोडणारं साधं यंत्र मीटरशेजारी बसवून घ्या. हजार-दोन हजारांत होतं. पन्नास हजारांच्या डब्याला तेवढं कुंपण हवं.

इन्व्हर्टरवर चालेल का, हा पुढचा प्रश्न मी आधीच ऐकतोय. साइन वेव्ह असेल तर चालेल. गेम सुरू असताना पीएस फाइव्ह साधारण २०० वॅट घेतो, टीव्ही ऐंशी धरा. १५० एएचची बॅटरी चांगली असेल तर चार तास. पण तेवढ्यात पंखा बंद होईल आणि घरातली माणसं तुम्हाला बघून घेतील.

तुझं जुनं डबडं आधी उघड. जिनिंगच्या जवळ राहतोस का?

अर्धा_घड

जिनिंग घरामागेच. का?

स्टॅबिलायझर

उघड, कळेल. सहा पाकळ्यांचे स्क्रू असतील, मधोमध बारीक टोक असलेले. साध्या पेचकसाने झटू नकोस, डोकं खराब होईल. स्क्रूचं आणि तुझंही. गोलाणी मार्केटला पूर्ण संच मिळतो.

शहाद्याची_सून

एवढ्या दादा लोकांत मी जरा वेगळं खेळते. स्टारड्यू व्हॅली, मोबाइलवर, पोरं झोपल्यावर. अकरा ते साडेअकरा. हसू नका हं, पण दिवसभर शेतात आणि रात्री पुन्हा मोबाइलवर शेती.

घरच्यांनी विचारलं काय करतेस, मी म्हटलं मिरची लावली. सासऱ्यांनी मान वर करून विचारलं, "कुठं?" आता काय सांगू!

एकट्या माणसाने, एरिक बॅरोनने, बनवलेला गेम आहे. चित्रं, संगीत, सगळं एकट्याचं. २०१६ साली आला. त्यात ऋतू २८ दिवसांचा. मिरची पाच दिवसांत लागते आणि मग दर तीन दिवसांनी तोडा. आमच्या नंदुरबारच्या पथारीवर मिरची वाळवणाऱ्या बायकांना हे सांगितलं तर त्या मला पथारीवर वाळवतील. ना थ्रिप्स, ना बोकड्या, ना फवारणीचा खर्च. भाव ठरलेला. सकाळी पेटीत माल टाकला की रात्री पैसे जमा. व्यापारी म्हणत नाही की "ताई, ओल आहे, कापतो".

गंमत म्हणजे त्यात केळीही आहे! नंतरच्या अपडेटमध्ये आली. बेटावरच्या व्यापाऱ्याकडून रोप घ्यायचं. २८ दिवसांत झाड तयार आणि मग उन्हाळाभर रोज एक केळ. एक! घड नाही. आणि झाड कापायचं नाही, वर्षानुवर्षं तेच. अर्धा_घड भाऊ, तुमच्या नावाला तिथे काही अर्थच नाही.

अर्धा_घड

ताई, रोज एक केळ म्हणजे कमाल आहे. त्या बाबाने केळी फक्त दुकानात पाहिली असणार. टिश्यू कल्चरचं रोप लावा, ठिबकवर जीव लावून वाढवा, अकरा-बारा महिन्यांनी एकदाच घड. कापला की खोड संपलं. मग बाजूचा पील वाढवायचा. आणि आमची लागवड पाच बाय पाच फुटांवर.

त्या गेममध्ये अंतराचा हिशेब आहे का?

शहाद्याची_सून

आहे ना. रोपाच्या चारी बाजूंनी, कोपऱ्यांसकट, आठ चौकोन मोकळे हवेत. नाहीतर वाढतच नाही. तेवढं त्याला बरोबर कळलंय.

अर्धा_घड

मग माणूस अगदीच वाया गेलेला नाही.

मी एकदा फार्मिंग सिम्युलेटर लावला होता. कापूस आहे त्यात. काढायला बंगल्याएवढं यंत्र येतं, चालत चालत मागून कापसाचा गोल गठ्ठा टाकतं. वडील मागे येऊन उभे राहिले. दहा मिनिटं काही बोलले नाहीत. मग एकच विचारलं, "याला बोंडअळी लागत नाही?" आणि गेले झोपायला. तेव्हापासून तो लावला नाही.

तापीकाठ

कशाला एवढा खटाटोप भो? दहा-बारा हजारांच्या मोबाइलवर बीजीएमआय खेळा ना. चोपड्याच्या चौकात संध्याकाळी बघा, चार पोरं चार मोबाइल, एकच आरडाओरडा. ना डबा, ना कूलर, ना न्यूट्रल. लोडशेडिंग असलं तरी टॉवरला रेंज असते. कन्सोल म्हणजे शहरातली चैन.

रात्रपाळी

चैन कसली? बीजीएमआय कधी दिसतो कधी गायब होतो. २ सप्टेंबर २०२० ला पबजी गेला. जुलै २०२१ मध्ये नवं नाव घेऊन आला. जुलै २०२२ मध्ये दुकानातून पुन्हा उडाला, मे २०२३ मध्ये परत. माझ्या कॅसेटला कोणी असं उठवत नाही. स्विचची वीस रुपयांच्या नाण्याएवढी कॅसेट माझ्या खिशात आहे, तोवर गेम माझा.

तापीकाठ

तुझा तुझ्यापाशी. आम्ही तो गेला तेव्हा दोन्ही वेळा कॅरम खेळलो. मेलो नाही.

शेवभाजी_जास्त_तर्री

पैशांच्या गेमचं कोणी बोलेना, मी बोलतो. ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा झाला. २० तारखेला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची सही. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद, ई-स्पोर्ट्सला मात्र मान्यता. माझं मत विचाराल तर बरं झालं. आमच्या नात्यातल्या एकाने कापसाचे पैसे रम्मीत घातले. ॲपचं नाव घेत नाही, आता त्याला काय दोष द्यायचा. मोबाइल रात्री अंथरुणात, बायकोला वाटायचं व्हॉट्सॲप बघतोय. मार्चमध्ये सोसायटीची नोटीस आली तेव्हा उलगडलं.

आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पत्ते बसतात, कोणी लपवत नाही. पण ते आखाजीपुरतं. लिंबाखाली, दहा माणसांच्या देखत. कोण किती हरला हे संध्याकाळपर्यंत गावाला माहीत. त्या लाजेपायी माणूस उठायचा. मोबाइलवर बघणारंच कोणी नाही.

तापीकाठ

हे खरं आहे.

पण धागा भरकटायला नको. अर्धा_घड, पेचकस घेतला का?

पाचकंदील

मध्येच: पीएस फाइव्ह प्रो नावाचा मोठा भाऊ आहे ना? तो घे की, एकदाच खर्च.

स्टॅबिलायझर

नाना, तो निघाला तेव्हा आपल्याकडे आलाच नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये जगभर आला तेव्हा सोनीने सांगितलं की त्यातलं नवं वायफाय सहा गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालतं आणि त्या पट्ट्याला भारतात तेव्हा परवानगी नव्हती. म्हणजे एका रेडिओच्या पट्टीपायी अख्खा डबा सीमेवर थांबला.

नवी बातमी हवी असेल तर १२ नोव्हेंबर २०२५ ला व्हॉल्व्हने, म्हणजे स्टीम हे पीसी गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या कंपनीने, स्टीम मशीन जाहीर केलं. साधारण सहा इंच लांबी-रुंदी-उंचीचा काळा चौकोनी डबा, आत खरं तर पीसीच. तेव्हा भाव सांगितला नाही, २०२६ मध्ये येणार म्हणाले. दहा वर्षांपूर्वी याच नावाने एकदा प्रयत्न फसला होता. यांनी त्यांचं हातातलं यंत्रही भारतात अधिकृत विकलेलं नाही, तेव्हा फार स्वप्नं बघू नका. मला त्यातलं आवडलं ते कंट्रोलर. त्याच्या काड्या चुंबकावर चालतात. नेहमीच्या काडीत कार्बनच्या पट्टीवर घासत फिरणारं टोक असतं. झिजलं की तुम्ही हात न लावता गडी आपोआप डावीकडे चालायला लागतो. चुंबकाच्या काडीत घासायलाच काही नाही, त्यामुळे तो प्रकार सहसा होत नाही.

रात्रपाळी

माझ्या स्वस्तातल्या कंट्रोलरचा गडी गेली दोन वर्षं डावीकडेच चालतोय. मी सगळे गेम थोडं उजवीकडे ओढून खेळतो. आता मोटरसायकलही तशीच जाते की काय शंका येते.

शहाद्याची_सून

पुण्यात बनलेला राजी खेळलाय का कोणी? २०२० चा. नॉडिंग हेड्स गेम्स. भाऊ राक्षसांनी पळवलेला, बहीण शोधायला निघते. मध्ये मध्ये कठपुतळ्यांच्या सावल्यांत गोष्ट सांगतात. माझ्या मुलीने पहिल्यांदा एखाद्या गेममध्ये घागरा-ओढणीतली मुलगी त्रिशूळ फिरवताना पाहिली. नंतर दोन दिवस घरातला झाडू सुटला नाही तिच्या हातून. झाडण्यासाठी नव्हे.

लांबीला छोटा आहे, लढाई जरा अडखळते. पण एकदा खेळाच.

अर्धा_घड

रविवार रात्र. अहवाल.

सकाळी बांधावर जाऊन आलो, हरभऱ्याचं उरलेलं पेरून घेतलं. नाहीतर घरात तोंड दाखवायची सोय नव्हती. दुपारी पुतण्याला बोलावलं, ओट्यावर पांढरं धोतर अंथरलं म्हणजे स्क्रू हरवणार नाहीत, आणि डबडं उघडलं.

स्टॅबिलायझर भाऊ, तुम्ही बसल्या जागी कसं ओळखलंत? पंख्याच्या मागे पत्र्याची जाळी दिसते ना, तिच्यावर करड्या रंगाची चादर बसली होती. धूळ नव्हे, चादर. चिमटीत धरून ओढली तर अखंड निघाली, हातभर नाही पण वीतभर नक्की. गोधडीला आत घालतात तसली दाट, दाबलेली. उजेडात धरली तर तंतू दिसत होते. जिनिंगमधून उडालेली रुई, सात वर्षं थर थर बसून नमदा झालेली. पुतण्या म्हणाला, "काका, याची वात होईल." आईने खरंच बाजूला ठेवून घेतली.

मधोमध एक कुंभारमाशीचं मातीचं घरही होतं, वेलचीएवढं. रिकामं. पोरगं कुठे उडालं कोणास ठाऊक.

चिपची उष्णता ओढायला लावतात ती जुनी पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. पुसली, नवी लावली. मोहरीएवढी हवी म्हणतात, माझ्याकडून हरभऱ्याएवढी पडली. परत जोडलं. एक स्क्रू उरला. धोतरावर तीनदा शोधलं, सगळी भोकं भरलेली दिसतात, तरी एक उरला.

चालू केलं. आई आतून म्हणाली, "लाइट गेली का?" आवाजच नाही!

पुतण्याला जुनीच फुटबॉलची डिस्क लावून दिली. मला सात शून्यने हरवला. पीएस फाइव्हचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही. ठिबकच्या नळ्यांचं उद्या बघतो.

पेचकस शोधायला माळ्यावर चढलो होतो, तिथे कापसाच्या पोत्यांमागे २१ इंची डबा टीव्ही सापडला. नाना, बंदूक अजून आहे ना?

पाचकंदील

आहे! पण वायर उंदराने मध्येच कुरतडलीय.

स्टॅबिलायझर

उंदीर माझ्याकडे सोपवा. म्हणजे वायर. पाच मिनिटांचं काम आहे. टीव्ही उघडू मात्र नका कोणी, बंद असला तरी त्याच्या नळीत झटका साठलेला असतो. आणि तो उरलेला स्क्रू हलवून बघ, आत आणखी एक खुळखुळत नाही ना.

शेवभाजी_जास्त_तर्री

यावलला जमायचं असेल तर भरीत होऊन जाऊ द्या. वांगी बामणोदची, बाजारातली नको. भाजायला कपाशीच्या काड्या. कळण्याच्या भाकरी मी आणतो.

तापीकाठ

मी येतो. मोबाइल घरी ठेवून.

अर्धा_घड

टीव्ही आत्ताच लावून पाहिला. चित्र आलं. पण वरची चार बोटं सगळं हिरवं दिसतंय.

रात्रपाळी

हिरवं बदक चालेल. रविवारी माझी ड्यूटी आहे, शनिवारी ठेवा.